परिक्रमेसाठी हलके जॅकेट निवडताना

करजण तालुक्यातील नारेश्वरावरून पुढे जाणाऱ्या नर्मदा परिक्रमावासी भाविकांच्या माहितीसाठी हे निवेदन. आपल्याकडील थंडी सौम्य. परंतु सुमारे १,००० मीटर उंचीवरील अमरकंटक येथे पौष-माघातील पहाट फार बोचरी असते. त्यासाठी जाड कपड्यांचे ओझे वाहणे पायी चालणाऱ्यास परवडत नाही.

जॅकेटची ऊब कापडाच्या जाडीत नसून आत कोंडलेल्या हवेत असते. वजनाच्या मानाने सर्वाधिक ऊब बदकाच्या मऊ पिसांची; बाजारात त्यांस 'डाऊन' म्हणतात. मात्र भिजल्यावर ती पिसे एकमेकांस चिकटतात, हवा निघून जाते आणि ऊब संपते. नदीकाठी तर दव व धुके नित्याचेच. म्हणून आमच्या मते पॉलिएस्टर तंतूंचा भराव असलेले जॅकेट घ्यावे. ते किंचित जड, पण ओलसर झाले तरी बरीच ऊब राखते व लवकर वाळते. (पिसे वर्ज्य मानणाऱ्यांचाही प्रश्न मिटतो.) आत लोकरी बंडी मावेल इतके ते सैल असावे. चालताना काढून ठेवावे, अन्यथा घामाने आतून भिजते.

धुनीजवळ बसताना मात्र असे जॅकेट अंगावर ठेवू नये. ठिणगी पडताच कापड वितळून त्वचा भाजते. तेथे आपली घोंगडीच बरी.