पाश्चात्य ग्रंथ आणि आपलें घर

होमरपासून मिलपर्यंतचे पाश्चात्य ग्रंथ क्रमानें वाचून काढावे, अशी हौस अनेक सुशिक्षित घरांतील तरुणांस होते. यादी तयार होते, दोनचार पुस्तकें वाचून होतात, आणि बाकीचीं कपाटाची शोभा वाढवितात. हौस वाईट नव्हे. परंतु वाचलेलें घरांत झिरपलें नाहीं, तर त्याचा उपयोग कोणता? याचें उत्तर शोधण्यास विलायतेस जावयास नको. वऱ्हाडांतच तें सांपडतें.

कै. विष्णु मोरेश्वर महाजनी (१८५१–१९२३) हे अकोल्याच्या हायस्कुलांत मुख्याध्यापक होते. १९०७ सालीं पुण्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांनीं शेक्सपियरचीं तीन नाटकें मराठींत आणिलीं. 'सिंबेलीन'वरून 'तारा' (१८७९), 'विंटर्स टेल'वरून 'मोहविलसित' आणि 'ऑल्स वेल दॅट एंड्स वेल'वरून 'वल्लभानुनय'. पहिल्यांत पति एका लबाडाच्या बोलण्यावर विश्वास ठेवून निर्दोष पत्नीच्या जिवावर उठतो. दुसऱ्यांत राजा केवळ संशयावरून गरोदर राणीस बंदींत टाकतो. तिसऱ्यांत कुलीन नवरा लग्न लागतांच बायकोस टाकून परमुलखीं निघून जातो. दोष पुरुषाचा, सोसणें स्त्रीचें! सीतेचा त्याग आणि शकुंतलेचा अव्हेर ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकिला जातो, त्या घरास ह्या कथा परक्या कशा वाटाव्या? इंग्रजीचें अक्षरहि न जाणणाऱ्या सासूसुनांना त्या मराठींतून समजल्या, हेंच महाजनींच्या वाचनाचें फळ होय.

त्याच अकोल्याहून गोपाळ गणेश आगरकर १८७५ सालीं मॅट्रिक झाले. गरिबीमुळें गांवोगांव हिंडून शिकलेला हा मुलगा. वऱ्हाडांत तेव्हां कॉलेज नव्हतें; अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघावयास १९२३ साल उजाडलें. म्हणून ते पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेले. मिल व स्पेन्सर यांच्या ग्रंथांनीं त्यांचें मन घडविलें. १८८३ सालीं 'हॅम्लेट'चें त्यांचें भाषांतर 'विकारविलसित' प्रसिद्ध झालें, आणि १८८८ सालीं 'सुधारक' पत्र निघालें. १८९१ सालीं संमतिवयाचा कायदा होऊन मुलींच्या संमतीचें वय दहावरून बारावर गेलें. आगरकर त्या कायद्याच्या बाजूनें उभे होते. विरोधकांनीं त्यांच्या हयातींतच त्यांची प्रेतयात्रा काढली. मिल वाचणारे त्या काळींहि पुष्कळ होते. मिलचे प्रश्न आपल्या माजघरास विचारणारे थोडे, आणि त्यांना किंमत मोजावी लागे.

आतां आमची सूचना. यादी लांबवूं नये. चार महिन्यांस एकच ग्रंथ घ्यावा. रात्रीं जेवणें आटोपल्यावर एकानें वाचलेला भाग मराठींत सांगावा. वडील मंडळींनीं आपल्या पुराणांतील जोड काढावी. आणि पहिला प्रश्न विचारण्याचा मान घरांतील सुनेस वा मुलीस द्यावा. मुलें परगांवीं किंवा परदेशीं असलीं, तर रविवारीं दूरध्वनीवर त्यांनाहि बैठकींत घ्यावें. आरंभास प्लेटोनें लिहिलेलें सॉक्रेटिसाचें न्यायासनापुढील भाषण घ्यावें. तें लहान आहे. पुढें सोफोक्लिसाचें 'अँटिगनी' घ्यावें. राजानें मना केलें असतां बहिणीनें भावास मूठमाती द्यावी कीं नाहीं, या प्रश्नावर आजोबा आणि नात यांचें एकमत होईलच असें नाहीं.

तसें तें न झालें तर बिघडत नाहीं. वादांत कोणाचा आवाज चढला, तर ग्रंथ मिटून दुसऱ्या दिवशीं पुन्हां उघडावा. मात्र ज्या प्रश्नाचें उत्तर घरांत कोणासच सुचलें नाहीं, तो वहींत टिपून ठेवावा. वर्षअखेर त्या वहींत पांच प्रश्न जमले, तरी पन्नास न वाचलेल्या पुस्तकांपेक्षां तें धन मोठें, असें आम्हांस वाटतें.