एका मनगटावर दोन मुलुखांची वेळ

रत्नागिरी-रायगडच्या मोहल्ल्यांत घरटी एखादे माणूस आखातात असते. तिथल्या लहान मुलांनाही एक हिशेब तोंडपाठ असतो: सौदी, कुवेत, कतर अडीच तास मागे, दुबई, मस्कत दीड तास मागे. इथे मगरिबची अजान होते, तेव्हा सौदीत असरची वेळ चालू असते. आज हा हिशेब मोबाईल करतो. मोबाईल नव्हता तेव्हा घड्याळवाल्यांनी तो मनगटावर बसवला होता. ती जुनी घड्याळे जमवण्याचा शौक आज जगभर आहे.

जिनिव्हाचे कारागीर लुई कॉटिए यांनी १९३१ मध्ये याची युक्ती काढली. तबकडीभोवती शहरांच्या नावांचे एक कडे आणि त्याच्या आत २४ तासांचे दुसरे, दिवसातून एकदा फिरणारे. आपले शहर वर बारापाशी आणले की प्रत्येक शहरासमोर तिथला तास दिसतो. पाटेक फिलिप कंपनीने ही रचना वापरली. तिचे १९३९ चे प्लॅटिनमचे एक घड्याळ २००२ मध्ये ६६ लाख स्विस फ्रँकांना विकले गेले. पुढे विमानप्रवास वाढला. पॅन ॲम कंपनीच्या वैमानिकांसाठी रोलेक्सने जीएमटी मास्टर काढले. त्यात २४ तासांत एक फेरा करणारा जादा काटा होता. जपानच्या सेइकोनेही १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकच्या वेळी वर्ल्ड टाइम घड्याळ आणले.

भूगोलाच्या तासाला आम्ही मुलांना सांगतो की १५ रेखांश म्हणजे एक तास. भारताची वेळ ८२.५ रेखांशावर धरलेली, म्हणून ती ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. गंमत अशी की या घड्याळांची कडी पूर्ण तासांवर आखलेली. मिनिटकाटा एकच असल्याने आपला तो अर्धा तास मनातच मिळवावा लागतो. नमाजांच्या वेळा मात्र यातले कोणतेच घड्याळ सांगत नाही. त्या सूर्यावर ठरतात. म्हणून तर दमास्कसच्या उमय्या मशिदीत इब्न शातिर यांच्यासारखे खगोलशास्त्रज्ञ मुवक्कित म्हणून नेमले जात.

शौक करायचा तर डोळे उघडे ठेवावेत. जुन्या यंत्रावर नवी रंगवलेली तबकडी चढवून ‘अस्सल जुने’ म्हणून विकणे हा सर्रास चालणारा धंदा आहे, आणि त्यात आपल्या मुंबईचेही नाव घेतले जाते. अक्षरे फार ताजी आणि केस घासलेली, असा मेळ दिसला की सावध व्हावे. अंधारात चमकणाऱ्या जुन्या आकड्यांत रेडियम असू शकते. ती चमक आज विझली असली तरी धातूचा किरणोत्सर्ग टिकून असतो. असे घड्याळ घरी उघडू नये आणि मुलांच्या हाती देऊ नये. सोन्याच्या केसचे घड्याळ पुरुषांनी वापरणे उलमांच्या मते जायज नाही. स्टीलच्या घड्याळाला तो प्रश्नच येत नाही. घड्याळ विकून नफा कमवायचा असेल, तर जकातीचा मसला आलिमांना विचारून घ्यावा. आणि कर्ज काढून शौक करणे ही फजुलखर्चीच.

आम्हाला मात्र सर्वांत मोलाचा संग्रह लिलावात दिसत नाही. तो आपल्या घरातल्या पेटीत असतो. कुणाचे वालिद जहाजावर होते, कुणाचे चाचा आखातात. त्यांनी पहिल्या पगारातून घेतलेले स्टीलचे घड्याळ बंद पडले म्हणून भंगारात जाते, नाहीतर फेरीवाल्याला शे-दोनशे रुपयांत दिले जाते. त्याबरोबर त्या माणसाने परमुलुखात काढलेल्या वर्षांची खूणही जाते. तेव्हा ते आधी चांगल्या घड्याळजीकडे नेऊन साफ करून घ्यावे. मग घरातल्या बुजुर्गांना विचारून एका चिठ्ठीवर लिहावे: कोणी घेतले, कुठे घेतले, कोणत्या साली घेतले. ती चिठ्ठी घड्याळाबरोबरच ठेवावी. सांगणारे बुजुर्ग हयात आहेत तोवर एवढे जरूर करावे.