फ्यूजऐवजी तार, पॅनेलवरचा आकडा बेकार

आगीच्या बातमीत 'शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज' हे शब्द वाचकांना आता पाठ झाले आहेत. शॉर्टसर्किट व्हायला उंदराने कुरतडलेली एक केबल पुरते. त्या क्षणी उसळणारा प्रवाह किती वेळात तोडला जातो आणि तोवर मीटर खोलीतील यंत्रणा तो सोसू शकते का, हा खरा प्रश्न असतो.

हा प्रवाह साधासुधा नसतो. इमारतीलगतच्या ६३० केव्हीए रोहित्राचा पूर्ण भाराचा प्रवाह सुमारे ८४० ॲम्पिअर असतो. त्याची प्रतिबाधा पाच टक्के धरली, तर रोहित्राच्या तोंडाशी झालेल्या शॉर्टसर्किटमध्ये याच्या वीसपट, म्हणजे जवळपास १७ हजार ॲम्पिअर वाहतात. पहिल्या लाटेचे शिखर त्याच्या दुपटीपर्यंत जाऊ शकते. पॅनेलमधील बसबारवर येणारे बल या शिखराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पट्ट्या वाकतात, आधार तडकतात.

येथे कामी येतो तो चिनी मातीच्या नळकांड्यातला एचआरसी फ्यूज. आत खाचा पाडलेली चांदीची वा तांब्याची पट्टी, भोवती क्वार्ट्‌झची वाळू. मोठा प्रवाह येताच खाचा वितळतात, तेथे पेटलेल्या आर्कची उष्णता वाळू शोषून घेते आणि स्वतः काचेसारखी होते. हे सारे १० मिलिसेकंदांच्या आत, प्रवाह शिखर गाठण्यापूर्वीच घडते. शिखर एक तृतीयांशावर रोखले गेले, तर बसबारवरील बल एक नवमांश उरते. (किरकोळ जादा भारावर मात्र हाच फ्यूज बराच वेळ घेतो.)

म्हणूनच फ्यूज असलेल्या पॅनेलवर '५० केए' असे छापलेले असते, तेव्हा ती क्षमता बहुधा सशर्त असते. उत्पादकाने सांगितलेल्या प्रकाराचा आणि आकाराचा फ्यूज बसवलेला असेल, तरच ती खरी. फ्यूजच्या आधाराविना स्विचने एक सेकंद सोसावयाचा प्रवाह मानकानुसार त्याच्या नियत प्रवाहाच्या किमान बारापट असावा लागतो. १०० ॲम्पिअरच्या स्विचसाठी हा आकडा १२०० होतो. समोर मात्र १७ हजार उभे असतात.

प्रत्यक्षात काय होते? रात्री फ्यूज उडतो, सुटा फ्यूज हाताशी नसतो, रहिवासी उकाड्याने वैतागलेले असतात. वायरमन तांब्याच्या तारेचे दोन वेढे देऊन मोकळा होतो. दिवे लागतात, सारे सुखावतात आणि ती तार वर्षानुवर्षे तशीच राहते. शंभरच्या जागी दोनशेचा फ्यूज बसवणे हाही त्याच जातीचा प्रकार. तो अधिक प्रवाह पुढे जाऊ देतो.

सदनिकेतील एमसीबीवर चौकटीत ६००० किंवा १०००० असा आकडा असतो. ती त्याची प्रवाह तोडण्याची मर्यादा. त्यापलीकडच्या दोषात तो मागच्या फ्यूजवरच विसंबून असतो. पुनर्विकासानंतर भार वाढून परिसरात १००० केव्हीएचे रोहित्र आले, की पाच टक्क्यांच्याच हिशेबाने त्याच्या तोंडाशी २६ हजारांहून अधिक ॲम्पिअर उपलब्ध होतात. शेजारच्या जुन्या इमारतीचे पॅनेल मात्र त्याच रोहित्रावर, तेच आणि तसेच असते.