हेलिकॉप्टर घ्यायचंय, पण बजेटमध्ये!

दिवाळीचा बोनस हातात पडायच्या आधीच त्याची वाटणी झालेली असते. फराळाचं सामान, कपडे, नणंदेची ओवाळणी, गॅसवाल्याची पोस्त. त्यात एखाद्या वर्षी घरातलं पोर हट्ट धरून बसतं, ‘मला रिमोटचं हेलिकॉप्टरच हवं!’ मित्राकडे पाहिलेलं असतं, नाहीतर जत्रेत. आईच्या डोळ्यांसमोर मात्र माळ्यावर पडलेली रिमोटची गाडी येते, चार दिवस चालून बंद पडलेली.

म्हणून नाहीच म्हणायचं असं मुळीच नाही. पण मैत्रिणींनो, गाडी भिंतीला धडकली की थांबते, हेलिकॉप्टर धडकलं की खाली पडतं. आणि शिकताना ते रोज पडणारच. तेव्हा दुकानात ‘किती उंच जातं?’ याआधी ‘पाती तुटली तर सुटी मिळतात का?’ हे विचारा. दुकानदाराने खांदे उडवले तर पुढच्या दुकानात जा. दीड हजार रुपये खर्चायचे ठरवलं असेल तर हेलिकॉप्टर अकराशे-बाराशेचं घ्या आणि उरलेले पाती नि जादा बॅटरीसाठी बाजूला ठेवा. असं ठेवलं नाही, तर दुसऱ्या आठवड्यात दहा-वीस रुपयांच्या पात्यावाचून सगळं अडून बसतं.

खोक्यावरचं चित्र बघून काही कळत नाही, सगळ्यांवर डोंगर नि ढगच असतात. बघायचं ते ‘चॅनल’. अगदी स्वस्तातलं, खाली तळहात धरला की वर जाणारं जे मिळतं, त्याला दिशाच देता येत नाही. दोन चॅनलचं वर-खाली जातं आणि वळतं, पण पुढे-मागे आपल्या मनासारखं जात नाही. मुलाचा रस लवकर जातो तो इथेच. निदान तीन चॅनलचं घ्या. साडेतीन लिहिलेलं असेल तर त्या अर्ध्यासाठी जादा पैसे मोजू नका. ‘जायरो’ मात्र असू द्या, त्यामुळे शेपूट भिरभिरत नाही.

पात्यांच्या एकावर एक अशा दोन जोड्या असलेलं हेलिकॉप्टर नवशिक्यासाठी उत्तम. पंखा एका बाजूला फिरला की खालचं धड उलट्या बाजूला फिरू पाहतं. वरच्या आणि खालच्या जोड्या विरुद्ध दिशांना फिरतात, त्यामुळे हा झोक आपोआप मोडतो आणि हेलिकॉप्टर हवेत जागच्या जागी उभं राहतं. हे काही फक्त खेळण्यातलं नाही बरं का! आपल्या नौदलाने घेतलेली रशियन कामोव हेलिकॉप्टरं अशीच आहेत.

आता उडवणार कुठे, तेही आधीच ठरवा. छोट्या हेलिकॉप्टरांचे बरेचसे रिमोट टीव्हीच्या रिमोटसारखे इन्फ्रारेडवर चालतात. ते घरात छान, पण उन्हात नेलं की ऐकत नाहीत. मग ‘बिघडलंय’ म्हणून दुकानात भांडण! अंगणातच उडवायचं असेल तर 2.4 गिगाहर्ट्झचा रिमोट बघा, थोडा महाग पडतो. तरी हलकं हेलिकॉप्टर वाऱ्यात टिकत नाही ते नाहीच. पहाटेची किंवा सांजेची पडलेली हवा बरी. घरात उडवताना छताचा पंखा बंद. आणि विजेच्या तारांवर अडकलं तर काठी, सळई काही लावायचं नाही, वायरमनलाच बोलवायचं. हे मुलाला पहिल्या दिवशीच बजावा.

बॅटरीचं थोडं नीट समजून घेऊ. आत लिथियम पॉलिमरची चपटी बॅटरी असते. पाऊणएक तास चार्ज केली की जेमतेम सहा ते आठ मिनिटं उडतं. मुलाला हे आधीच सांगा, म्हणजे रडारड नको. उडवून झाल्यावर बॅटरी गरम असते, ती थंड झाल्याशिवाय चार्जिंगला लावू नये. चार्जिंग फरशीवर करावं, गादीवर किंवा उशीखाली नाही, आणि लावून झोपून जाऊ नये. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते, ती दाबून बघू नका आणि पुन्हा वापरूही नका. नव्या बॅटरीच्या तारा जोडायचं काम गावातला मोबाइल दुरुस्तीवाला करून देतो. पुण्याला कुणी जाणार असेल तर तपकीर गल्लीत, मुंबईला असेल तर लॅमिंग्टन रोडला असलं सामान शोधायला सांगावं. जुनी बॅटरी सोबत द्यायला विसरू नका, तोंडी वर्णनाने भलतीच येते.

वापरलेलं घ्यावं का? घ्यावं की! पुष्कळ मुलांचा नाद महिन्याभरात ओसरतो आणि खोकं तसंच पडून असतं. फक्त ‘चालू आहे’ या शब्दावर घेऊ नका. बॅटरी पूर्ण चार्ज करून आणायला सांगा आणि तुमच्यासमोर पाच मिनिटं उडवायला लावा. दोन मिनिटांत खाली बसलं तर बॅटरी गेलेली आहे, तेवढी किंमत कमी करा. बंद असताना पाती बोटाने हळूच फिरवा. मधला दांडा डुगडुगला तर तो वाकलाय. कटकट आवाज आला तर दाते झिजलेत. रिमोटचं झाकण उघडून बघा, सेल गळून हिरवट-पांढरं साचलं असेल तर पुढे कटकटी आहेत. चार्जर आणि रिमोट त्याच हेलिकॉप्टरचे हवेत. आणि हे सगळं ठीक असलं तरी नव्याच्या निम्म्याहून जास्त देऊ नका.

कधी कुणी हात-दीड हात लांबीचं, सहा चॅनलचं मोठं हेलिकॉप्टर ‘वहिनी, तुम्हाला म्हणून चार हजारांत’ असं गळ्यात मारू पाहतं. तो मोह नको. ते खेळणंच नव्हे. 2013 साली न्यूयॉर्कमध्ये या छंदात मुरलेल्या 19 वर्षांच्या तरुणाचा स्वतःच्याच मोठ्या मॉडेलचं पातं लागून मृत्यू झाला होता. शिवाय त्याचा एकेक भाग आपल्या सगळ्या बजेटएवढा.

नवं घेताना खोक्यावर आयएसआयचं चिन्ह शोधा. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना ते सक्तीचं आहे. ‘14 वर्षांवरील’ असं छापलेलं असेल तर लहान मुलाला एकट्याने उडवू देऊ नये.

दुकानदार हमखास विचारतो, ‘मुलगा केवढा आहे?’ मुलीसाठी घेत असाल तर तसं ठणकावून सांगा. आणि मुलं शाळेत गेल्यावर एकदा स्वतः उडवून बघायलाही हरकत नाही. सुरुवातीला गुडघ्याएवढ्याच उंचीवर ठेवा, खाली सतरंजी अंथरा, नि लांब केस बांधून घ्या.