सर्व्हिस सुधारा, कोपर सांभाळा

दिवाळी सरली की गावोगावी संध्याकाळची बॅडमिंटनची कोर्टे आखली जातात. कुठे शाळेच्या पटांगणात, कुठे कॉलनीच्या मोकळ्या जागेत दोन बांबू रोवून, तर कुठे क्रीडा संकुलाच्या हॉलमध्ये. चाळिशीच्या आसपासचे व्यापारी, शिक्षक, बँकेतली मंडळी ‘वजन उतरवायचे’ म्हणून रॅकेट हाती घेतात. उत्साह चांगलाच आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण संक्रांत येईपर्यंत यातल्या काहींच्या कोपराला पट्टा बांधलेला दिसतो, तर काहींची पोटरी दुखावलेली असते. मग ‘आमच्या वयाला हा खेळ झेपत नाही’ असे म्हणून रॅकेट माळ्यावर जाते.

यात दोष वयाचा कमी आणि सुरुवातीचा जास्त असतो. नवखा माणूस पहिल्याच दिवशी स्मॅश मारायला धावतो. सर्व्हिस म्हणजे त्याच्या दृष्टीने खेळ सुरू करण्याची नुसती औपचारिकता! खरे तर साऱ्या खेळात हा एकच फटका असा आहे, जो तुम्ही स्वतःच्या सवडीने, जागेवर उभे राहून, समोरच्याने काहीही न करता मारता. म्हणून शिकायला सर्वांत सोपा तोच, आणि चुकीची सवय लागली तर रोज पन्नास-साठ वेळा तीच चूक करायला लावणाराही तोच.

व्यायामाच्या दृष्टीनेही हिशेब करून पाहा. सर्व्हिस जाळीत गेली की फूल उचलायला वाका, परत या, पुन्हा जाळीत. तासभर कोर्टवर असूनही अंगाला घाम नाही. उलट सर्व्हिस उंच आणि अर्धवट पडली, तर समोरचा जोरात खाली मारतो आणि तुम्ही तयारी नसताना एकदम झेपावता. टाचेमागची जाड शीर दुखावते, ती अशाच झेपेत. सर्व्हिस नेमकी पडली तर चार-सहा फटक्यांची रॅली होते, श्वास लागतो, पाय हलतात. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तो हाच.

या खेळाशी आपले नाते जुने आहे. 1870 च्या दशकात पुण्यातले इंग्रज लष्करी अधिकारी तो खेळत आणि ‘पूना’ हेच त्याचे तेव्हाचे नाव होते. परदेशात पहिले विजेतेपद मिळवणारे भारतीय बॅडमिंटनपटू, 1956 साली मलायातील सेलांगोर स्पर्धा जिंकणारे नंदू नाटेकर, हे जन्माने सांगलीचे. तेव्हा हा आपल्याच घरचा खेळ आहे, तो नीट शिकायला लाजायचे कशाला?

सुरुवात आखूड सर्व्हिसपासून करावी. दुहेरीत तीच लागते, आणि आपल्याकडे संध्याकाळी खेळतात ती बहुधा दुहेरीच. जाळीपासून साडेसहा फुटांवर जी आडवी रेघ असते, तिच्या अगदी मागे उभे राहा. रेघेवर पाय नको. उजव्या हाताने खेळत असाल तर उजवा पाय पुढे. रॅकेट पोटासमोर, तिचे तोंड जमिनीकडे झुकलेले. मुठीचा अंगठा दांड्याच्या रुंद बाजूवर सपाट टेकवा. डाव्या हाताच्या चिमटीत फुलाची पिसे टोकाला धरा आणि बुचाची बाजू तारांकडे ठेवा. आता फटका मारायचा नाही, ढकलायचे आहे. रॅकेट थोडी मागे, आणि मग दारावरची कडी सरकवावी तसा अलगद पुढे रेटा. फूल सोडायची घाई नको. बरेच जण आधी फूल हवेत टाकतात आणि मग त्याच्या मागे रॅकेट फिरवतात. या सर्व्हिसमध्ये ते चिमटीतून जणू तारांनीच काढून घ्यायचे असते.

फूल जाळीच्या आधीच, तुमच्या बाजूला, सर्वांत उंच जावे आणि जाळी ओलांडताना खाली उतरत असावे. ही एवढी खूण लक्षात ठेवली तरी पुरे. जाळी मध्यभागी पाच फूट उंच असते. तिच्यावर साधारण वीतभर अंतराने एक सुतळी बांधा आणि जाळी व सुतळी यांच्या फटीतून फूल काढण्याचा सराव करा. समोरच्या चौकोनात, आखूड रेघेपलीकडे मधल्या रेघेच्या कोपऱ्यात एक पंचा टाका. जुनी आठ-दहा फुले गोळा करा आणि रोज खेळाआधी वीस सर्व्हिस पंचावर टाका. जोडीदार लागत नाही, दमही लागत नाही. कोर्ट नसेल तर अंगणात पाच फुटांवर दोरी बांधूनही हे जमते. मात्र वाऱ्यात हा सराव करू नका. वारा कापण्यासाठी जोर लावायची सवय लागते आणि ती मग हॉलमध्येही जात नाही.

नियमांबद्दल थोडक्यात. सर्व्हिस करताना दोन्ही पायांचा काही भाग जमिनीला टेकून स्थिर हवा, रॅकेट आधी बुचाला लागली पाहिजे आणि एकदा पुढे निघालेला हात मध्येच थांबवून हुलकावणी द्यायची नाही. पूर्वी फूल कमरेखाली मारावे असा दंडक होता. 2018 पासून आंतरराष्ट्रीय नियमात जमिनीपासून 1.15 मीटर, म्हणजे सुमारे पावणेचार फूट, ही मर्यादा ठरली. आपल्या संध्याकाळच्या खेळात कोणी पट्टी घेऊन उभे राहत नाही, पण सवय खालूनच मारण्याची असू द्या.

आता कोपराकडे वळू. पाच ग्रॅमच्या आसपास वजनाचे ते फूल, त्याला ढकलायला कितीशी ताकद लागणार? तरीही नवखा माणूस रॅकेट अशी आवळतो की बोटांची पेरे पांढरी पडतात. 2006 पासून प्रत्येक रॅलीला गुण मिळू लागला. त्याआधी सर्व्हिस चुकली तर नुसती सर्व्हिस जायची, आता गुणही जातो, त्यामुळे मूठ आणखीच घट्ट होते. मनगट मागे ओढून धरणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाशी जोडलेले असतात. मूठ सतत आवळलेली राहिली की त्या जोडावर ताण येत राहतो आणि काही आठवड्यांनी ते हाड दाबले तरी ठणकते. यालाच टेनिस एल्बो म्हणतात. कपडे पिळून किंवा रंधा मारूनही तो होतो, टेनिस खेळायलाच हवे असे नाही.

उपाय साधा आहे. रॅकेट अशी धरा की दुसऱ्याने हलकेच ओढली तर हातातून सरकेल. बोटे आवळायची ती फूल तारांना लागते त्या क्षणापुरती, मग पुन्हा सैल. मुठीवरची पट्टी घामाने गुळगुळीत झाली असेल तर बदलून घ्या, कारण निसटणारी रॅकेट माणूस नकळत जास्त आवळतो. लांब सर्व्हिस करताना नुसत्या हाताने फेकू नका. डावा पाय पुढे ठेवून अंगाचा भार मागच्या पायावरून पुढच्यावर येऊ द्या आणि हात डाव्या खांद्याकडे मोकळा जाऊ द्या. एवढे करूनही पातेले उचलताना किंवा नळ फिरवताना कोपर दुखत असेल तर खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवा. वेदनाशामक गोळी घेऊन कोर्टवर उतरणे हा शहाणपणा नव्हे.

एक धोका फारसा कोणी सांगत नाही. दुहेरीत सर्व्हिस करणारा पुढे असतो आणि जोडीदार मागे. सर्व्हिस झाल्यावर ‘मागे काय चालले आहे’ म्हणून वळून पाहू नका. जोडीदाराने जोरात मारलेले फूल थेट डोळ्यावर बसू शकते आणि ती इजा किरकोळ नसते. नजर जाळीकडे, रॅकेट छातीसमोर. फूल डोळ्याला लागलेच तर डोळा चोळू नका, दुखणे थांबले तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.

खेळापूर्वी दहा मिनिटे भरभर चालणे, पोटऱ्या ताणणे, खांदे फिरवणे हे करावेच. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि सर्व्हिसआधी गुण मोठ्याने सांगायची पद्धत पाळा. ‘बारा-नऊ’ एवढे एका दमात म्हणता येत नसेल तर सर्व्हिस करू नका. फूल हातात धरून थोडे चाला, श्वास जागेवर येऊ द्या, समोरचे थांबतील. छातीत दडपण वाटले, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, दरदरून घाम फुटला, तर मात्र डाव पुरा करण्याच्या भानगडीत न पडता खाली बसा आणि लगेच कोणाला तरी दवाखान्यात न्यायला सांगा.