मांडीवरचे दप्तर



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या व्यासपीठावरून बोलताना एका शिक्षकाने प्रथम आपली चूक सांगावी, हे उचित होय.

१९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेतचा घास घेतला. दीड लाखाहून अधिक भारतीय तेथून मायदेशी परतले. त्यांतील बहुसंख्य अम्मानहून विमानाने मुंबईस आले. दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्या वर्गात, येथेच वडोदऱ्यात, असाच एक मुलगा दाखल झाला. तो दप्तर कधी खाली ठेवीत नसे. मांडीवर घेऊनच बसे. मी शिस्तीचा भोक्ता. एके दिवशी मी ते दप्तर त्याच्या हातून ओढून घेतले आणि खुंटीला अडकवले. मुलगा रडला नाही. नुसता थरथरत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याची आई आली आणि एवढेच म्हणाली, “सर, घर सोडताना त्याला एकच पिशवी घेऊ दिली होती. बाकी सगळं तिथंच राहिलं.”

त्या दिवसापासून युद्ध मुलाचे नेमके काय करते, याचा मी शोध घेऊ लागलो. त्या शोधात मला जुने उत्तर सापडले ते आपल्याच परिसरात: एक जामनगरजवळ, दुसरे कोल्हापूरजवळ.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत संघाने पूर्वेकडून पोलंडवर आक्रमण केले. पूर्व भागातील लाखो माणसे मालगाड्यांत कोंबून सायबेरिया व कझाकस्तानात धाडण्यात आली. १९४१ मध्ये जर्मनी रशियावर उलटल्यावर त्यांतील अनेकांची सुटका झाली. तोवर भूक, थंडी आणि रोगराई यांनी कित्येक मुलांचे आईबाप हिरावून नेले होते. १९४२ मध्ये अशा शेकडो मुलांना नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडीच्या समुद्रकाठी आश्रय दिला. मुले त्यांना ‘बापू’ म्हणत. १९४३ पासून कोल्हापूरनजीक वळिवडे येथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत उभी राहिली. तीत बहुतांश स्त्रिया आणि मुलेच होती.

सायबेरियातून सुटलेल्या मुलांच्या आठवणींत एक गोष्ट वारंवार येते. पोटभर जेवण मिळू लागल्यावरही ती पावाचे तुकडे उशीखाली लपवून ठेवीत. हे वाचले आणि मला मांडीवरचे दप्तर आठवले. मोठ्या माणसाची भीती शब्दांत उतरते. मुलाची भीती वागण्यात उतरते. आपण त्या वागण्याला हट्ट म्हणतो, चोरी म्हणतो, बेशिस्त म्हणतो. वस्तुतः ती त्याची स्मृती असते. युद्ध जेथे संपले, तेथेच ते मूल अजून उभे असते.

दुसरा धडा लंडनचा. शहरावर बॉम्बवर्षाव होत असता ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी हॅम्पस्टेड भागात मुलांसाठी संगोपनगृहे चालविली. आई जवळ असेल तर मूल स्फोटांचा धाक बऱ्याच अंशी सोसते, पण आईपासूनची ताटातूट त्याला अधिक खोल जखम करते, असे त्यांना आढळले. मुलाला सुरक्षित जागा हवी हे खरेच. पण त्याला जागेहून अधिक माणूस हवा असतो.

वळिवड्यात नेमके हेच घडले. तेथे केवळ छप्पर आणि शिधा नव्हता. शाळा होत्या, स्वतःच्या भाषेत शिकविणारे शिक्षक होते, दवाखाना, प्रार्थनामंदिर, नाटके आणि बालवीरांची पथके होती. सकाळी घंटा वाजणार, हजेरीत आपले नाव पुकारले जाणार, हा भरवसा होता. युद्ध मुलाचा उद्या हिरावून घेते. वेळापत्रक तो थोडा थोडा परत करते.

परंतु सारेच भरून निघते, असे मी म्हणणार नाही. कोल्हापुरात त्या निर्वासितांची दफनभूमी आहे. १९४८ पर्यंत वसाहत रिकामी झाली, तेव्हा पुष्कळांना परतण्यास जुने घरच उरले नव्हते. ती कुटुंबे देशोदेशी पांगली. आणि काळाचा खेळ असा की, त्याच जागी फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे आली. ते आजचे गांधीनगर. एका मुलाने सोडलेल्या अंगणात दुसरे निर्वासित मूल उतरले. आपल्या वडोदऱ्यातील वारसियाची कथा याहून वेगळी नाही.

मित्रहो, सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाळा ही प्रत्येक मुलाची, हा विचार या नगरीला नवा नाही. युद्धे थांबविणे आपल्या हाती नाही. पण होरपळून आलेले मूल ज्या वर्गाच्या दाराशी उभे राहते, तो वर्ग आपल्या हाती आहे. त्याला प्रश्न विचारून भंडावू नये. त्याची दयाही करू नये. त्याला बाक द्यावा, हजेरीत नाव द्यावे आणि वेळ द्यावा.

त्या मुलाची मी क्षमा मागितली आणि दप्तर त्याच्या मांडीवर राहू दिले. होळीच्या सुमारास एके सकाळी त्याने ते आपल्या हाताने खुंटीला लावले. तास संपेपर्यंत तो अधूनमधून वळून पाहत होता. मी फळ्याकडे तोंड करून लिहीत राहिलो.