एकच मशीन, दोन कामे : टेबल सॉवर घासकाम करताना

लाकूडकामाचा लहान कारखाना काढणाऱ्याचे पहिले भांडवल गोल करवतीत, म्हणजे ज्याला आता सर्रास टेबल सॉ म्हणतात त्या मशीनमध्ये जाते. त्यानंतरचे रंधा मशीनमध्ये. घासायच्या मशीनची पाळी येईपर्यंत हातातले पैसे संपलेले असतात, आणि ते काम काचपेपर घेऊन बसलेल्या पोरांवर येऊन पडते. एका दिवसात कापलेला माल घासण्यासाठी दोन दिवस अडून राहतो, ही तक्रार आम्ही अनेक कारागिरांकडून ऐकली आहे.

नाशिकहून मुंबई-आग्रा महामार्गाने पुढे निघाले की निफाड तालुक्यातले ओझर लागते. १९६४ साली येथे मिग विमानांचा कारखाना उभा राहिला आणि या गावाचे नाव देशभर झाले. त्याच ओझरमध्ये एका शटरच्या सुतार कारखान्यात आम्ही वरील अडचणीवरचा तोडगा पाहिला. टेबल सॉचे पाते काढून त्या जागी काचपेपर चिकटवलेली लोखंडी थाळी बसवली होती आणि स्टुलाच्या पायांची तोंडे एकामागून एक साफ होत होती. मालकांनी आम्हाला पहिल्या प्रयत्नातला तुकडाही दाखवला. तो कडेने काळा करपलेला होता. कोपऱ्यातल्या भिंतीवर एक खोक होती. थाळीने एक तुकडा हातातून हिसकावून तेथे फेकला होता. बोट वाचले, एवढेच. हा तोडगा उपयोगी आहे, पण तो नीट समजून घ्यावा म्हणून हा लेख.

कल्पना जुनी आहे

एकाच स्पिंडलवर आलटून पालटून पाते आणि घासायची थाळी लावण्याची कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हान्स गोल्डश्मिट यांनी ‘शॉपस्मिथ’ नावाचे मशीन बाजारात आणले. करवत, घासायची थाळी, लेथ आणि ड्रिल ही सारी कामे त्या एका मशीनवर होत. मात्र त्यात कामाप्रमाणे वेग बदलण्याची सोय होती. आपल्याकडे थाळीची नक्कल होते, वेगाची गोष्ट मागे राहते.

वेगाचा हिशेब

आपल्या विजेवर चार पोलची मोटर मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेते. मोटरवर ६ इंची आणि स्पिंडलवर ३ इंची पुली असेल तर स्पिंडल दुप्पट, म्हणजे २८८० फेरे फिरतो. १० इंची थाळीचा घेर सुमारे ८० सेंटिमीटर भरतो. म्हणजे थाळीची कड सेकंदाला जवळजवळ ३८ मीटर धावते. कापण्यासाठी हा वेग ठीक आहे. घासताना मात्र लाकूड करपते, काचपेपरच्या दाण्यात भुसा भरून तो गुळगुळीत होतो आणि कारागीर आणखी जोर लावतो. अपघाताची सुरुवात इथेच होते.

उपाय सोपा आहे. घासकामापुरत्या दोन्ही पुल्या सारख्या मापाच्या लावाव्यात. स्पिंडल १४४० वर येतो आणि कडेचा वेग सेकंदाला १९ मीटरच्या आसपास राहतो. पायऱ्यांची पुली आणि मोटरखाली सरकता पाया असेल तर पट्टा बदलण्यास फार वेळ लागत नाही.

काही जण हातातली कटर मशीन फळीखाली उलटी बसवून तिलाच टेबल सॉ म्हणतात. तिच्यावर थाळी कधीही लावू नये. चार इंची कटर मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतो. त्या वेगाला घरगुती थाळी टिकणार नाही.

थाळी कशी असावी

थाळी लेथवर दोन्ही बाजूंनी सरळ करून घ्यावी आणि मधले भोक स्पिंडलच्या मापाला घट्ट बसणारे असावे. भोक सैल असले तर थाळी थरथरते. नटाचे सर्व आटे पकडले जातील इतकीच तिची जाडी ठेवावी. प्लायवूडची थाळी हवेतला ओलावा धरून वाकडी होते, तिच्या भानगडीत पडू नये. काचपेपर कापडी पाठीचा घ्यावा, रबरी चिकटपट्टीने किंवा रबरी डिंकाने सुरकुती न पडता चिकटवावा आणि थाळीच्या बाहेर आलेली कड कापून टाकावी. भराभर काढायचे असेल तर ८० नंबर, सफाईसाठी १२०.

बसवल्यावर गुण्या लावून थाळी आणि टेबल काटकोनात आहेत का ते पाहावे. थाळी हाताने फिरवून ती कोठे घासत नाही ना, याची खात्री करावी. पहिल्यांदा चालू करताना थाळीच्या रेषेत उभे राहू नये. पाते काढणे, थाळी लावणे, पुली बदलणे या प्रत्येक वेळी नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग काढावा.

समोरची बाजूच वापरा

टेबल सॉचे पाते आपल्या बाजूला वरून खाली येते. थाळीही तशीच फिरते. म्हणून आपल्याकडचा अर्धा भाग लाकडाला टेबलावर दाबून धरतो, तर मागचा अर्धा भाग लाकूड वर उचलतो. ओझरच्या त्या भिंतीवरची खोक मागच्या बाजूने दिलेली होती. काम नेहमी समोरच्या अर्ध्या भागावरच करावे. टेबल आणि थाळी यांतली फट लाकडी पट्टीने बुजवावी, म्हणजे तुकडा किंवा बोट आत ओढले जाणार नाही. लहान तुकडे लाकडी पकडीत धरावेत. हातमोजे आणि सैल बाह्या नकोत.

फळीचे तोंड, ४५ अंशाचा जोड, बाहेरची गोलाई यांसाठी थाळी उत्तम आहे. टेबलाच्या रुंद फळीसाठी किंवा आतल्या गोलाईसाठी ती कामाची नाही. थाळीचे ओरखडे गोल उठतात, त्यामुळे पॉलिशपूर्वी लाकडाच्या रेषेने बारीक काचपेपरचा हात फिरवावाच लागतो.

धूळ हलकी समजू नका

करवतीचा भुसा खाली पडतो, घासकामाची धूळ हवेत तरंगते आणि छातीत जाते. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे. नाकाच्या पोकळीचा कर्करोग हा त्यातला मुख्य धोका. तोंडाला रुमाल बांधणे पुरेसे नाही. चांगला मास्क वापरावा आणि थाळीखाली धूळ ओढणारा पंखा व पिशवी बसवावी.

व्यवहार काय सांगतो

पाते काढून थाळी लावण्यात जाणारा वेळ हाच या युक्तीचा खरा खर्च. म्हणून सर्व माल आधी कापून घ्यावा आणि मग एकदम घासावा. आठवड्यातून एक-दोनदा थाळी लागत असेल तर ती फायद्याची आहे. रोज लागत असेल तर मात्र ती करवतीचे काम अडवते, आणि तेव्हा वेगळ्या मशीनचा विचार करावा. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने, तारणाशिवाय, पहिल्या टप्प्यात १ लाख रुपयांपर्यंत कर्ज अशी तीत तरतूद आहे. जवळच्या सेवा केंद्रात आधार कार्ड घेऊन चौकशी करावी.

मशीन वाचवता येते, वेळ वाचवता येतो. पण सुताराचे खरे भांडवल त्याची दहा बोटे आहेत, आणि त्यांना कोणतीही बँक कर्ज देत नाही.